घरशाळा करताय? आधी घराबाहेरचं वेळापत्रक आखा

मुलगी पाचवी-सहावीत पोचली की काही घरांत हा विषय निघतो: शाळा सोडवून हिला घरीच शिकवलं तर? कारणं घरोघरी वेगळी असतात. एखादी मुलगी बुद्धिबळात किंवा गाण्यात इतकी बुडालेली असते की शाळेचे सहा तास डोळ्यांदेखत फुकट चाललेत असं आईवडलांना वाटतं. कुणाच्या सारख्या बदल्या होतात आणि दर दोन वर्षांनी नवी शाळा, नवा वर्ग, नव्या बाई नकोशा होतात. कुणाच्या मुलीला वाचायला जड जातं आणि वर्गात तिचा रोज पाणउतारा होतो. कुणाला चिडवाचिडवी, कोंबलेली व्हॅन आणि शाळेनंतरची शिकवणी यांतून तिला सोडवायचं असतं. ही सगळी कारणं खरी आहेत, विचार करण्याजोगी आहेत. निर्णय घेताना मात्र बहुतेक पालक पहिला प्रश्न विचारतात तो अभ्यासक्रमाचा: कोणतं बोर्ड, कोणती पुस्तकं, कोणतं ॲप. माझं म्हणणं असं आहे की नऊ ते तेरा वयाच्या मुलीची घरशाळा पुस्तकांवरून ठरत नाही. शाळा सुटल्यावर तिचं जग आधीपेक्षा मोठं झालं की आक्रसलं, यावर ती टिकते किंवा फसते. म्हणून आठवडाभरात ती घराबाहेर कुठं जाणार, कुणाला भेटणार, आईबाबांखेरीज कुणाकडून शिकणार, हे आधी कागदावर उतरायला हवं. ते उतरत नसेल तर तिला शाळेतून काढू नका, मग शाळा कितीही सुमार असो.

मुलग्यालाही ही कसोटी लावता येईल, लावावी. पण या वयात मुलाचं आणि मुलीचं जग उलट दिशांना सरकत असतं. मुलगा सायकल घेऊन दोन गल्ल्या पुढं जाऊ लागतो, त्याच सुमारास त्याच्या बहिणीला ‘दिवेलागणीच्या आत घरी’, ‘एकटी जाऊ नकोस’, ‘आता काय लहान आहेस का’ ही वाक्यं ऐकू येऊ लागतात. अशा वेळी शाळा ही एक जागा अशी असते जिथं जायला तिला कारण द्यावं लागत नाही. दप्तर पाठीला लावलं की तिच्या बाहेर पडण्याबद्दल कुणी काही विचारत नाही. शाळा गेली की हे आपसूक बाहेर पडणंही जातं. मग प्रत्येक वेळी विचारावं लागतं, आणि विचारलं की कशाला, कुणाबरोबर, सोडणार कोण, आणणार कोण हे सगळं आलंच. आईवडील प्रेमळ असले तरी हे घडतं, कारण रोजच्या धावपळीत ‘आज राहू दे’ म्हणणं फार सोपं असतं. बाहेरच्या जगाची साधनं मुलीच्या हाती देताना घर हात आखडता घेतं, याचा पुरावा आकड्यांतही दिसतो. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीच्या २०२३च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींची पाहणी होती. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. फोन हवाच असं मला म्हणायचं नाही. घराची सवय कुठल्या बाजूला झुकलेली आहे ते लक्षात घ्या एवढंच.

महाराष्ट्रात मुलींना घरी शिकवण्याचा इतिहास मोठा आहे आणि तो या प्रश्नावर बरंच काही सांगतो. पंडिता रमाबाई आईकडून, लक्ष्मीबाईंकडून संस्कृत शिकल्या. दिवस उजाडला की घरकामातून लक्ष्मीबाईंना सवड मिळत नसे, म्हणून त्या लेकीला भल्या पहाटे उठवून शिकवत. रमाबाई रानडे अकराव्या वर्षी लग्न होऊन पुण्याला आल्या आणि महादेव गोविंद रानड्यांनी त्यांचा अभ्यास घरीच सुरू केला. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्याला केवढा विरोध केला ते त्यांच्या आठवणींत सविस्तर आलं आहे. या दोन्ही घरांत शिकवणारा आणि शिकणारी यांची तळमळ पुरेपूर होती. अभ्यासाच्या आड येत होतं ते घरच: त्याची कामं, त्याच्या अपेक्षा, चार माणसांच्या नजरा. आणि या शिक्षणाला फळ आलं तेही उंबरठा ओलांडल्यावर. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं केलं. पती गोपाळरावांकडे घरी शिकलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. सावित्रीबाई फुल्यांना अक्षरओळख पती जोतीरावांनीच करून दिली, आणि त्या शिक्षणाचं दोघांनी पहिलं काय केलं, तर १८४८ साली भिडेवाड्यात मुलींसाठी शाळा काढली. घरी शिकलेल्या बाईला मुलींनी घराबाहेर येऊन शिकण्याची निकड सगळ्यांत आधी कळली होती.

घरकामाचा प्रश्न आजही त्याच जागी आहे, फक्त त्याचं रूप सौम्य झालंय. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जात होती आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटं. ही पाहणी वयाच्या सहाव्या वर्षापासून पुढच्या सगळ्यांची होती. आता घरशाळेतली एक सकाळ बघा. साडेदहा वाजलेत. मुलगी जेवणाच्या टेबलावर अपूर्णांकांची बेरीज करते आहे, छेद समान करून झालेत, अंश गुणायचेत. बेल वाजते, कुरिअर आलंय, ‘बघ गं जरा’. ती परत येऊन बसते. आजीची गोळी द्यायची राहिली आहे. मग गॅसवर दूध आहे, उतू जाईल, लक्ष ठेव. धाकट्याला रंगीत पेन्सिल सापडत नाही. यातलं एकही काम जाचक नाही आणि सांगणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नाही. पण बारा वाजता वहीत दीड गणित असतं, आणि संध्याकाळी निष्कर्ष निघतो की हिचं लक्ष लागत नाही. शाळेत गणिताच्या तासाला दूध बघायला तिला कुणी उठवत नाही. म्हणून पहिला नियम हा करा: अभ्यासाच्या तासांत मुलगी घरी नाही असं धरून घर चालवायचं. ती शाळेत असती तेव्हा दार ज्यानं उघडलं असतं त्यानंच ते उघडायचं. घरकाम तिनं शिकावंच, पण अभ्यासाच्या वेळेबाहेर आणि भावाच्या बरोबरीनं. दोघांची कामं एकाच कागदावर लिहून फ्रिजवर लावली की बरोबरी आहे की नाही ते उघड दिसतं. पोळ्या लाटणं किंवा भाजी निवडणं याची नोंद ‘जीवनकौशल्य’ म्हणून अभ्यासाच्या वहीत करण्याआधी, मुलग्याच्या वहीत आपण ती केली असती का, एवढं मनाशी विचारून बघा.

पुढचा प्रश्न शिकवणार कोण हा. जवळपास प्रत्येक घरात उत्तर ‘आई’ असंच येतं, आणि इथं थांबायला हवं. अमेरिकेत सायन बेलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या १७ शिक्षिकांच्या वर्गांचा अभ्यास केला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्या शिक्षिकांना गणिताची भीती होती त्यांच्या वर्गात वर्षाअखेरीस मुलींचं गणित मागं पडलेलं दिसलं, विशेषतः ‘गणित हे मुलग्यांचं काम’ ही समजूत उचललेल्या मुलींचं. मुलग्यांवर तसा परिणाम दिसला नाही. वर्ग थोडे होते आणि देश वेगळा, हे मान्य. तरी शाळेत बाई दर वर्षी बदलतात, घरी आई बदलत नाही. ‘मला बाई गणित कधी जमलंच नाही’ हे हसत म्हटलेलं वाक्य अकरा वर्षांची मुलगी गंभीरपणे घेते. आईला गणिताची धास्ती असेल तर तिनं पाचवीचं पुस्तक स्वतः पुन्हा सोडवावं, किंवा गणित बाबांकडे द्यावं, किंवा बाहेरची शिक्षिका बघावी. बाबांचा वाटाही रविवारच्या गमतीदार प्रयोगांपुरता नको. आठवड्यातले ठरलेले दिवस, ठरलेला विषय आणि तपासलेली वही, एवढं त्यांनी घ्यायलाच हवं. आईनं नोकरी सोडून लेकीला शिकवायचं ठरत असेल तर त्याचा हिशेब दोघांनी बसून उघडपणे मांडावा: किती वर्षं, उत्पन्नाचं काय, भविष्य निर्वाह निधीचं काय, परत कामाला लागण्याची वाट कोणती. मुलगी हे सगळं बघत असते. शिक्षणानं बाईला काय मिळतं याचा तिचा पहिला धडा आईच्या आयुष्यातून येतो. त्यामुळे तो हिशेब तिच्याही कानावर पडू द्या.

अभ्यासाबद्दल पालकांना सगळ्यात जास्त काळजी असते आणि खरं तर तो भाग सगळ्यात सोपा आहे. समोरासमोर बसून, मध्ये न उठता, रोज तीन तास या वयाला पुरतात, कारण वर्गातला बराचसा वेळ हजेरी, शांतता आणि वाट बघणं यांत जातो. ‘घरी शिकलेली मुलं शाळेतल्यांपेक्षा हुशार’ असे दावे अमेरिकेतून येतात, त्यांवर विसंबू नका. त्यांतल्या बऱ्याच पाहण्यांत आपणहून पुढं आलेल्या कुटुंबांच्याच मुलांचे गुण मोजलेले असतात. त्यातल्या त्यात नेटका असा एक छोटा अभ्यास कॅनडात सँड्रा मार्टिन-चँग आणि सहकाऱ्यांनी केला, २०११ सालचा. घरी शिकणारी ३७ मुलं आणि शाळेतली ३७ मुलं, वय पाच ते दहा. घरी ठरलेल्या आखणीनं शिकणारी २५ मुलं बहुतेक चाचण्यांत शाळेतल्यांच्या पुढं होती. काहीच आखणी नसलेली १२ मुलं मागं होती. एवढ्याशा संख्येवर सिद्धान्त उभारता येत नाही, पण ‘मूल आपोआप शिकतं’ म्हणून हात झटकणाऱ्यांनी ती १२ मुलं लक्षात ठेवावीत. आखणीसाठी बालभारतीची पुस्तकं सांगाडा म्हणून घ्या. ती ई-बालभारतीवर फुकट मिळतात, आणि त्या चौकटीत राहिलं की पुढंमागं शाळेत परतणं सोपं जातं. सोबत १९७१ पासून निघणारं ‘किशोर’ मासिक आहे, अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठीत शेकडो पुस्तकं आणि टाकाऊतून करायचे प्रयोग आहेत. साहित्याची वानवा नाही.

अभ्यास तिला घराबाहेर कसा नेतो हे एका उदाहरणावरून सांगतो. बारा वर्षांच्या मुलीला महावितरणचं घरगुती बिल द्या. पहिली १०० युनिटं एका दरानं, १०१ ते ३०० त्याहून चढ्या, पुढं आणखी चढ्या. स्थिर आकार वेगळा, वहन आकार वेगळा, वर १६ टक्के विद्युत शुल्क. आधी तिनं मागच्या महिन्याचं बिल स्वतः मांडून छापलेल्या आकड्याशी जुळवायचं. पहिल्या खेपेला ते बहुधा जुळत नाही, आणि चूक शोधताना शेकडेवारी कायमची कळते. मग रोज ठरावीक वेळी मीटरचं रीडिंग वहीत लिहायचं, महिन्याचा आलेख काढायचा, गीझर बंद ठेवलेल्या आठवड्याची तुलना करायची. आणि शेवटी, जे समजलं नाही ते विचारायला जवळच्या महावितरणच्या कार्यालयात जायचं. बाबा बाहेर थांबतील. खिडकीपाशी ती बोलेल. ‘स्थिर आकार कशाचा घेता?’ हा प्रश्न अनोळखी माणसाला स्वतःच्या तोंडानं विचारणं हा त्या धड्याचा सर्वांत मोलाचा भाग आहे. इतिहास असेल तर गावातल्या वाड्याच्या, देवळाच्या, जुन्या विहिरीच्या माहीतगाराकडे. विज्ञान असेल तर पुण्यात आयुकातली मुक्तांगण विज्ञान शोधिका, मुंबईत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, तालुक्याला असाल तर कृषी विभागाचं कार्यालय किंवा रोपवाटिका. दर पंधरा दिवसांनी असं एक बाहेरचं टोक नसेल, तर धडा पुरा झाला असं मानू नका.

‘मिसळणार कुणात?’ हा आक्षेप प्रत्येक आजी-आजोबा घेतात आणि घरशाळावाले त्यावर चिडतात. माझ्या मते आजी-आजोबांचं बरोबर आहे. वेगवेगळ्या वयाच्या माणसांत वावरतं म्हणून घरी शिकणारं मूल अधिक समंजस होतं, हे उत्तर अर्धंच आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलीला मोठ्यांशी छान बोलता येणं ही एक गोष्ट, आणि तिच्याच वयाच्या मुलीनं अबोला धरल्यावर पुढं काय करायचं ते शिकणं ही अगदी वेगळी. दुसरी गोष्ट शिकायला तेच तेच चेहरे पुन्हा पुन्हा समोर यावे लागतात. भांडण होऊन दुसऱ्या दिवशी त्याच मुलीशेजारी बसावं लागणं, ही शाळेची नकळत दिलेली शिकवण आहे. एकेका दिवसाच्या कार्यशाळा, उन्हाळी शिबिरं, वाढदिवसाचे घोळके यांतून ते मिळत नाही. आठवड्यातून किमान तीनदा, वर्षभर, त्याच सात-आठ मुलींबरोबर असं काहीतरी हवं: खो-खोचं किंवा कबड्डीचं मंडळ, पोहण्याचा गट, राष्ट्र सेवा दलाची शाखा, पुण्यात असाल तर ज्ञान प्रबोधिनीची संध्याकाळची दलं, गाण्या-नाचाचा सामुदायिक वर्ग. गाण्याला आणखी एक सोय आहे: गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासूनच्या परीक्षांना शाळेचा दाखला लागत नाही, बाहेरचा परीक्षक तिचं काम तपासतो आणि हातात प्रमाणपत्र येतं. खेळात मात्र सावध राहा. सरकारी शालेय क्रीडा स्पर्धा शाळेमार्फत होतात, त्या तिला बंद होतील. जिल्हा संघटनांच्या वयोगटाच्या स्पर्धा जन्मदाखल्यावर खुल्या असतात, त्यांची चौकशी आधी करा.

शाळा या वयात मुलीच्या शरीरासाठी काय काय करते हे ती सुटेपर्यंत पालकांच्या ध्यानात येत नाही, म्हणून हा भाग जरा सविस्तर. सरकारी आणि अनुदानित शाळांत दहा वर्षांपुढच्या मुलींना आठवड्याला लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी मिळते. जंतनाशकाची गोळी फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या मोहिमेत शाळेत दिली जाते. दहाव्या वर्षीची टीडीची लस पुष्कळदा शाळेतच टोचली जाते. वजन-उंची, डोळे, दात यांची तपासणी होते. फळा दिसत नाही हे तर वर्गातच उघडकीला येतं, कारण घरी मुलगी पुस्तक डोळ्यांजवळ धरते आणि कुणाला काही वाटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. त्याची सुरुवात याच आधीच्या वर्षांत होते. तेव्हा घरशाळेच्या वहीत आरोग्याचं एक पान ठेवा: वर्षातून दोनदा उंची-वजन, एकदा डोळे आणि दात, डॉक्टरांच्या सल्ल्यानं हिमोग्लोबिन. लोहाच्या गोळ्या शाळाबाह्य मुलींना अंगणवाडीतून मिळतात. एचपीव्हीची लस ९ ते १४ या वयात सर्वांत उपयोगी पडते, ती बालरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवा. पाळीबद्दल पाळी येण्याआधी सांगायचं असतं. छाती भरू लागली की साधारण दोन-अडीच वर्षांत पाळी येते, त्यामुळे नवव्या-दहाव्या वर्षी हे बोलणं झालेलं असावं, आणि ते बाबांसमोर बोलता येत नाही असा संकेत घरात नसावा. आठ वर्षांच्या आत शरीरात बदल दिसू लागले, किंवा तेराव्यापर्यंत काहीच दिसले नाहीत, तर डॉक्टरांना दाखवा. शाळेत हे सगळं मैत्रिणींच्या कुजबुजीतून अर्धंमुर्धं तरी कळतं. घरी शिकणाऱ्या मुलीला ते कळण्याची जागा तुम्हीच आहात, आणि म्हणून तुमच्याखेरीज एखादी मावशी, आत्या, डॉक्टरबाई हिच्याशीही तिचं मोकळं नातं जुळवून द्यावं लागेल.

सुरक्षिततेसाठी घरी ठेवतो, असं म्हणणाऱ्या पालकांची भीती मी हलक्यानं घेत नाही. शाळांतून, व्हॅनमधून मुलींवर अत्याचार झाल्याच्या बातम्या येतात तेव्हा आईबापाच्या पोटात गोळा येतोच. पण पॉक्सो कायद्याखाली नोंदलेल्या गुन्ह्यांत आरोपी बहुसंख्य वेळा मुलीच्या ओळखीतला, घरी येणारा-जाणारा, नात्यातला किंवा शेजारचा असतो. चार भिंती त्याला अडवत नाहीत. उलट मुलगी दिवसभर घरात असेल आणि तिचं ऐकून घेणारं बाहेरचं मोठं माणूस नसेल, तर त्याचं फावतं. लहान मुलीचं संरक्षण होतं ते तिच्याकडे सांगायला शब्द असल्यानं, ‘नाही’ म्हणण्याची सवय असल्यानं, आणि ज्यांच्याकडे धाव घेता येईल अशी दोन-तीन माणसं घराबाहेर असल्यानं. वर्गशिक्षिका त्यांतली एक असते: गप्प झालेली मुलगी तिला दिसते. ती जागा रिकामी होत असेल तर ती कोण भरणार त्याचं नाव ठरवा आणि मुलीलाही सांगा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक तिला पाठ हवा. भीती हेच शाळा सोडवण्याचं मुख्य कारण असेल तर आधी शाळा बदला, व्हॅन बदला, तक्रार करा. भीतीतून सुरू झालेली घरशाळा पहिल्याच वर्षी बाहेरचे वर्गही बंद करू लागते, कारण भीतीला तेही असुरक्षितच वाटतात.

कायद्याचं आणि कागदांचं थोडक्यात, पण काळजीपूर्वक. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचं दहावं कलम सांगतं की मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे. ते न केल्यास पालकाला शिक्षा मात्र या कायद्यात सांगितलेली नाही. घरी शिकण्याला वेगळी मान्यता किंवा नोंदणी नाही. म्हणजे घरशाळा करणारी कुटुंबं मोकळेपणानं ती करतात, पण त्यांच्या पाठीशी स्पष्ट तरतूद नसते, आणि शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात शिक्षक दारी आले तर त्यांना नीट उत्तर देता यायला हवं. अभ्यासाच्या तारखा घातलेल्या वह्या तेव्हा कामी येतात. पुढची वाट आधी बघून ठेवा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची दहावीची नोंदणी १४ वर्षं पूर्ण झाल्यावर होते, ती पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात नऊ संधी मिळतात; त्याआधीच्या टप्प्यांसाठी तिसरी, पाचवी, आठवीच्या समकक्ष पातळ्या आहेत. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, आणि राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला खासगीरीत्या बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म आहे. शाळा सोडल्याचा दाखला घेताना त्यावरचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात हे सगळं तिथल्या तिथं तपासा; पुढं जातीच्या दाखल्यापर्यंत हाच कागद लागतो आणि चूक दुरुस्त करायला वर्षं जातात. मुलगी याच कायद्याखालच्या २५ टक्के राखीव जागेवर शिकत असेल तर ती जागा गेली असं समजा. मुंबईच्या मालविका जोशीचं उदाहरण घरशाळावाल्यांच्या तोंडी असतं: सातवीत शाळा सोडली, प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि २०१६ साली अमेरिकेत एमआयटीत प्रवेश मिळाला. त्याच बातम्यांत हेही होतं की बारावीचं प्रमाणपत्र नसल्यानं आयआयटीचा दरवाजा तिला बंद होता. अशी मुलगी लाखात एखादी. बाकीच्यांनी प्रमाणपत्राची वाट सोडू नये.

हे सगळं सुस्थितीतल्या शहरी घरांचं झालं, असा आक्षेप कुणी घेईल. तो मला पूर्ण मान्य आहे आणि म्हणूनच हा सल्ला सरसकट सगळ्यांना नाही. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झालेली होती, असं त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसतं. पाचवी-सातवीनंतर शाळा सुटणं हे त्या लग्नाकडे जाणाऱ्या रस्त्याचं पहिलं वळण असतं. गावात पुढची शाळा लांब आहे, मुलगी मोठी झाली, घरी धाकट्यांना बघायला कुणी नाही, अशा कारणांनी मुलगी घरी बसत असेल तर त्याला घरशाळा म्हणू नये, कुणाला म्हणूही देऊ नये. तिथं गरज असते ती अहिल्याबाई होळकर योजनेतल्या एसटीच्या मोफत पासची, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयासारख्या वसतिगृहाच्या सोयीची, आणि गरज पडली तर मुख्याध्यापकांनी घरी येऊन आईबापाची समजूत घालण्याची. सुस्थितीतल्या घरानंही आपलं कारण याच निकषावर घासून बघावं. मुलीला काही मिळावं म्हणून ती घरी येते आहे की घराची काही अडचण भागते म्हणून?

शेवटचा निर्णय तिच्याशी बोलल्याशिवाय घेऊ नका. अकरा वर्षांच्या मुलीला हो-नाही विचारून भागत नाही, कारण ती आईबाबांना जे आवडेल ते बोलेल. तिच्या एका सामान्य आठवड्याचं चित्र तिच्यापुढं ठेवा: सोमवारी सकाळी कोण शिकवेल, मंगळवारी संध्याकाळी कुठं जाशील, मधल्या सुटीत आता जिच्याबरोबर डबा खातेस तिला कधी भेटशील. त्यावर तिला जे प्रश्न पडतील ते तिच्याच अक्षरात लिहून घ्या. ती नको म्हणाली तर तो विषय निदान वर्षभर बंद. हो म्हणाली तर एका वर्षापुरतं ठरवा आणि थांबण्याच्या खुणाही आधीच लिहून ठेवा: बाहेरचे ठरलेले वर्ग तीन आठवडे सलग बुडले, अभ्यासाच्या वेळेत घरकाम शिरलं, किंवा दिवाळीपर्यंत तिनं स्वतः निवडलेली एकही मैत्रीण झाली नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमानुसार वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो आणि मागं पडलेला अभ्यास भरून काढायला जादा शिकवणीचीही तरतूद आहे, तेव्हा परत पाठवण्याला नामुष्की मानू नका. दुसरं सत्र दिवाळीच्या सुटीनंतर सुरू होतं. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना ऑक्टोबरमध्येच भेटून जागा आहे का ते विचारून ठेवा, आणि त्या भेटीला तिलाही बरोबर न्या.